ऑस्ट्रेलियाच्या पोटातला तिठा: एक रोडहाऊस चालतं कसं?

मुंबई-गोवा महामार्गावरचा हातखंबा तिठा कोकणात ये-जा करणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीचा. गाडी थांबते, कुणी रत्नागिरीसाठी उतरतं, कुणी चहा मारतं, आणि तिठा मागे पडतो. तिथे नाही थांबलात तरी बिघडत नाही. पाच-दहा किलोमीटरच्या आत दुसरं हॉटेल, दुसरा पंप, दुसरं गाव येतंच.

आता असाच एक तिठा डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं काढून टाका. गावं नाहीत, टपऱ्या नाहीत. उत्तरेकडे पुढचा पेट्रोलपंप साधारण १३५ किलोमीटरवर, पूर्वेकडे १९० च्या आसपास. दक्षिणेला २५ किलोमीटरवर टेनंट क्रीक नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव, आणि ते ओलांडलं की पुन्हा शंभरेक किलोमीटर मोकळं रान. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतातल्या या जागेचं नावच थ्रीवेझ. आपल्या भाषेत सरळ तिठा. डार्विनहून दक्षिणेला जाणारा स्टुअर्ट हायवे आणि क्वीन्सलँडकडून येणारा बार्कली हायवे इथे भेटतात. इथून उत्तरेला डार्विन सुमारे ९६० किलोमीटर, दक्षिणेला ॲलिस स्प्रिंग्ज ५३०, आणि पूर्वेला माउंट आयझा ६४०. या तिठ्यावर एक रोडहाऊस आहे, आणि गाव म्हणून जे काही आहे ते तेवढंच.

रोडहाऊस म्हणजे ढाबा, असं पटकन वाटतं. पण ढाब्याला बाकीचं जग शेजारी असतं. टायर फुटला तर पंक्चरवाला, ताप आला तर तालुक्याचा दवाखाना, वीज गेली तर महावितरणचा वायरमन. इथे पंप, खाणावळ, बार, दहा-वीस खोल्या, तंबू नि कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) लावायची जागा, बर्फ, गाडीच्या पंख्याचा पट्टा, टॉर्चचे सेल, अंघोळीचं गरम पाणी आणि पुढच्या रस्त्याची खबर, हे सगळं एकाच छपराखाली ठेवावं लागतं. नसेल तर नसतं. रोडहाऊसबद्दलची पुढची प्रत्येक गोष्ट या एका अडचणीतून निघते.

वस्ती इथेच का?

आपल्याकडे गाव वसतं ते नदीकाठी, चांगल्या जमिनीवर, नाहीतर किल्ल्याच्या पायथ्याशी. थ्रीवेझसारख्या जागा वसल्या त्या अंतरामुळे. माणूस, जनावर, यंत्र, विजेचा संदेश, यातलं काहीही एका दमात ठरावीक पल्लाच गाठू शकतं. दम संपतो तिथे थांबा लागतो.

पहिला दम घोड्यांचा. जॉन मॅकडूआल स्टुअर्ट या स्कॉटिश माणसाने तीन प्रयत्नांनंतर २४ जुलै १८६२ रोजी दक्षिणेकडून उत्तरेचा समुद्र गाठला. त्याची वाट पाणवठ्यांवरून गेलेली होती, कारण घोड्याला रोज पाणी लागतं. दहा वर्षांनी त्याच वाटेने तारयंत्राची लाइन आली. दक्षिण किनाऱ्यावरचं पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, सुमारे ३२०० किलोमीटर, ऑगस्ट १८७२ मध्ये पूर्ण. त्या काळच्या तारेतून सोडलेला संदेश दोन-तीनशे किलोमीटरमध्ये क्षीण व्हायचा. म्हणून वाटेत ठाणी बांधली. ठाण्यातला माणूस कड-कट्ट ऐकायचा, कागदावर लिहून घ्यायचा आणि तोच संदेश पुढच्या ठाण्याकडे नव्याने वाजवायचा. टेनंट क्रीकचं दगडी तारठाणं थ्रीवेझपासून जवळच आहे, आणि अजून उभं आहे.

या तारेचं दुसरं टोक आपल्यापर्यंत येतं. डार्विनहून समुद्राखालून ती जावा बेटावर जायची, तिथून सिंगापूर, मद्रास, मग जमिनीवरून मुंबई, आणि मुंबईहून पुन्हा समुद्राखालून एडन, सुएझ मार्गे लंडन. ॲडलेडच्या व्यापाऱ्याची तार आधी या लाल मातीतल्या ठाण्यांतून आणि मग मुंबईतून जात होती. उंटांचंही तसंच. १८६६ मध्ये कराचीहून सव्वाशेच्या आसपास उंट आणि त्यांचे हाकारे जहाजाने पोर्ट ऑगस्टाला उतरले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. बलुची, पठाण, सिंधी अशा वेगवेगळ्या मुलखांतली ही माणसं, पण तिथे सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं गेलं. तारेचे खांब, पिठाची पोती आणि वाळवंटातल्या वस्त्यांचं सामान पुढची कित्येक वर्षं त्यांच्या उंटांनी वाहिलं. त्यांची नावं फार थोड्या फलकांवर आहेत, याची मला खरोखर खंत वाटते.

पक्का रस्ता आला युद्धामुळे. रेल्वे दक्षिणेकडून ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत होती, उत्तरेकडून डार्विनच्या खाली बर्डमपर्यंत, आणि मधले हजारेक किलोमीटर नुसती कच्ची वाट. १९४० पासून लष्करासाठी ती भरून काढली गेली. १९४१ मध्ये पूर्वेकडून बार्कली रस्ता आणून जोडला, आणि तिठा तयार झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने डार्विनवर बाँब टाकले, तेव्हा याच रस्त्यांवरून फौज आणि रसद वर जात होती. गंमत अशी की युद्धासाठी केलेला हा उत्तरेचा भाग आधी डांबरी झाला, आणि दक्षिणेचा, ॲलिस ते पोर्ट ऑगस्टा, पूर्ण डांबरी व्हायला १९८७ उजाडलं.

घोड्याचं पाणी, तारेचा जोर, लष्करी ट्रकचा मुक्काम आणि शेवटी गाडीची टाकी. दर वेळी अंतराचं माप बदललं, थांब्यांची गरज तशीच राहिली.

रान मोकळं आहे, रिकामं नाही

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नकाशावर नावं विरळ दिसतात म्हणून ही जमीन कुणाची नव्हती असं नाही. टेनंट क्रीकच्या आसपासचा मुलूख वारुमुंगू या आदिवासी लोकांचा. स्टुअर्ट १८६० मध्ये पहिल्यांदा इथवर आला तेव्हा त्यांच्याशी चकमक झाली आणि त्याला मागे फिरावं लागलं. त्या ओढ्याला त्याने ॲटॅक क्रीक म्हणजे 'हल्ल्याचा ओढा' असं नाव दिलं. नाव त्याच्या बाजूने पडलं. ज्यांच्या पाणवठ्यावर परके लोक घोडे घेऊन उतरले, त्यांनी त्याला काय म्हटलं असतं, हा प्रश्न त्या नावाच्या फलकासमोर उभं राहून विचारायला हवा.

आजही या भागातल्या रोडहाऊसच्या काउंटरवर येणारं गिऱ्हाईक निव्वळ पर्यटक किंवा ट्रकवाला नसतं. आजूबाजूच्या आदिवासी वस्त्यांतली कुटुंबं पेट्रोल, ब्रेड, दूध, फोनचं रिचार्ज यासाठी येतात, कारण दुसरं दुकान नाही. जवळच कुंजारा नावाची गोल दगडांची जागा आहे. ती वारुमुंगू बायकांची पवित्र जागा. परक्या माणसाला मात्र हे दगड रस्त्याकडेचं सुंदर दृश्य वाटतात.

पंप, पाणी आणि जनरेटरचा आवाज

अशा ठिकाणी पोचलं की कानावर आधी येते ती मागच्या शेडमधली धडधड. आउटबॅकमधल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या विरळ वस्तीच्या मुलखातल्या, बहुतेक एकाकी रोडहाऊसना विजेची लाइन नाही. डिझेल जनरेटर चोवीस तास चालतो, आणि शहाणा मालक दुसरा जनरेटर तयार ठेवतो. डिसेंबर-जानेवारी हा तिथला उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर, आणि अशा वेळी जनरेटर बंद पडला की फ्रीजरमधलं मांस, बारमधला बर्फ, खोल्यांमधला एसी, बोअरची मोटर आणि पेट्रोलचा पंप सगळं एकदम थांबतं. इंधन टाकीत भरलेलं असतं, पण वर ओढायला वीज लागते. अलीकडे छपरांवर सौर पॅनल आणि जोडीला बॅटऱ्या आल्यात. दिवसा डिझेलची बचत होते, रात्री पुन्हा धडधड.

पाणी बोअरचं. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको: पाणी लागतं, पण खारवट, जड, किटलीत पांढरा थर धरणारं. काही ठिकाणी ते फक्त धुण्या-अंघोळीला, प्यायला पावसाचं साठवलेलं किंवा गाळलेलं. नळाजवळ 'पिऊ नये' अशी पाटी असली तर ती मनावर घ्यायची.

आता पेट्रोल महाग का, याबद्दल. प्रवासी सर्वांत जास्त चिडतात ते या गोष्टीवर, आणि पंपावर उभ्या असलेल्या पोराला नको ते बोलतात. हिशोब समजून घ्या. समजा, शहरातला एक पंप महिन्याला एक लाख लिटर विकतो आणि रानातला दहा हजार. शहरातल्या पंपाचा वीज-पगार-देखभालीचा स्थिर खर्च समजा दोन लाख, तर लिटरमागे दोन रुपये पडतात. रानातल्याचा खर्च अगदी तेवढाच धरला तरी लिटरमागे वीस रुपये होतात. आणि तो तेवढाच नसतो, कारण वीज स्वतः जाळून करायची, कामगारांना राहायला खोली द्यायची, आणि टँकर शेकडो किलोमीटरवरून आणायचा. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण गणित असंच चालतं. रात्री दहाला तुमची टाकी तळाला लागलेली असताना तिथे कुणीतरी जागं असतं. जास्तीचे पैसे त्याचेही असतात.

या भागातल्या अनेक पंपांवर साध्या पेट्रोलऐवजी 'ओपल' नावाचं पेट्रोल मिळतं, आणि त्यामागची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुर्गम वस्त्यांमध्ये काही मुलं पेट्रोल हुंगून नशा करत. त्याने मेंदू कायमचा निकामी होतो, जीवही जातो. पेट्रोलमधली नशा चढवणारी द्रव्यं, म्हणजे ॲरोमॅटिक, साध्या पेट्रोलमध्ये पाव भागाच्या आसपास असतात. ती पाच टक्क्यांवर आणून २००५ मध्ये हे नवं पेट्रोल आलं. गाडी नेहमीसारखीच चालते, नशा मात्र चढत नाही. पण यात एक खोच आहे. शंभर किलोमीटरच्या परिघातल्या एका जरी पंपाने जुनं पेट्रोल ठेवलं तर सगळ्यांची मेहनत वाया जाते. म्हणून २०१३ मध्ये त्यासाठी खास कायदाही झाला. हे पेट्रोल आल्यापासून हुंगण्याचं प्रमाण खूप खाली आलं. एखाद्या गावाची पोरं वाचणं-न वाचणं पंपाच्या नळीत काय आहे यावर ठरावं, हे रानातल्या तिठ्यावरच होऊ शकतं.

रोड ट्रेन येते तेव्हा

दुपारी तिठ्यावर रोड ट्रेन येताना आधी दूरवर धूसर ठिपका दिसतो, मग मृगजळात डुलणारं काहीतरी, आणि मग कळतं की तो ट्रक आहे. पुढे एक ताकदवान इंजिन, मागे तीन ट्रेलर. नॉर्दर्न टेरिटरीत अशा गाडीला ५३.५ मीटर लांबीपर्यंत परवानगी आहे. आपल्या जवळपास पाच एसटी एकीला एक लावल्या तर होईल तेवढी. वजन शंभर टनांच्या वर जातं. गुरं असली तर वास आधी येतो. इंजिन बंद झाल्यावरही धातू तडतडत राहतो, समोरच्या जाड बुलबारवर, म्हणजे जनावरांची धडक झेलणाऱ्या कठड्यावर, किड्यांचा लेप असतो, आणि ड्रायव्हर खाली उतरून आधी हातोड्याने टायर बडवत चालतो. बसका आवाज आला की टायर गेला. एवढे टायर आहेत की ही प्रदक्षिणाच पाच मिनिटांची. मग तो आत येतो, आणि बहुतेक वेळा आतल्या माणसाला त्याला काय हवं ते ठाऊक असतं.

मागचा ट्रेलर पुढच्याचा माग काढत नीट वळावा, ही अशा गाडीतली खरी करामत. ॲलिस स्प्रिंग्जच्या कर्ट योहान्सन या मेकॅनिकने दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या सामानातून असे ट्रेलर जुळवले आणि गुरांची वाहतूक पायी हाकण्यावरून चाकांवर आणली.

तिठ्यावर नव्याने आलेल्या प्रवाशाला इथले लोक पहिला सल्ला देतात तो रोड ट्रेनला मागे टाकण्याबद्दल. गणित करून बघा. ती ताशी १०० किलोमीटरने चाललीय, तुम्ही १३० ने, जी इथल्या हायवेची मर्यादा आहे. दोघांच्या वेगातला फरक ३०, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ मीटर. तिची लांबी आणि मागेपुढे सोडायची जागा धरून १२० मीटर कापायचे तर पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात तुमची गाडी अर्धा किलोमीटर पुढे गेलेली असते, आणि समोरून कुणी येत असेल तर तोही अर्धा किलोमीटर जवळ आलेला असतो. म्हणजे एक किलोमीटरहून जास्त रस्ता मोकळा दिसला तरच बाहेर निघायचं. दिसत नसेल तर मागे राहा. गाडीत बोलायचा रेडिओ असेल तर ४० नंबरच्या चॅनेलवर ड्रायव्हरला विचारा, तो सांगतो.

दुसरा सल्ला, अंधार पडला की गाडी चालवू नका. बऱ्याच ठिकाणी रस्त्याला कुंपण नाही, डांबर रात्री ऊब धरून असतं, आणि गुरं, कांगारू त्यावर येऊन उभे राहतात. रोड ट्रेन त्यांच्यासाठी थांबू शकत नाही. तिसरा, गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जाऊ नका. वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

शेजारी: पुणे जिल्ह्याएवढं रान

हा तिठा ज्यात येतो त्या बार्कली विभागाचं क्षेत्रफळ सव्वातीन लाख चौरस किलोमीटरच्या जवळ आहे. अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा थोडं जास्तच. त्यात राहणारी माणसं दहा हजारांच्याही आत. बाकी सगळी गुरं. पूर्वेकडचं अलेक्झांड्रिया हे एकच गुरांचं स्टेशन सोळा हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा काकणभर मोठं. स्टेशन म्हणजे तिथे गुरं पाळायची जहागीर. माणसं थोडी, कुत्री भरपूर, आणि हल्ली घोड्यांच्या जोडीला हेलिकॉप्टर.

इथली माती आपल्या ओळखीची आहे. तिठ्याच्या आसपास लाल, पण पूर्वेला बार्कलीच्या पठारावर काळी, कोरड्या दिवसांत हातभर भेगा पडणारी, पाऊस झाला की पायाला किलो-किलो चिकटणारी. परभणी-लातूरकडची काळी रानं ज्याने पावसात तुडवलीत त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. पाऊस तिथे उन्हाळ्यातच पडतो. त्या दिवसांत, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च, कच्चे रस्ते बंद होतात, ओढे हायवेवर चढतात, आणि रोडहाऊसमध्ये अडकलेल्यांची गर्दी होते. आठवडाभराचं सामान दोन आठवडे पुरवायचं, सगळ्यांना दोन वेळ जेवू घालायचं, आणि दर तासाला 'रस्ता उघडला का' याला उत्तर द्यायचं. अशा दिवसांत काउंटरमागचा माणूस हॉटेलवाला कमी आणि तहसीलदार जास्त असतो.

आजारी पडलं तर

थ्रीवेझजवळ एक मोठं स्मारक आहे, जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाचं. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवरही त्यांचा चेहरा आहे. शंभर वर्षांपूर्वी अशा रानात माणूस घोड्यावरून पडला, बाळंतपण अडलं, अपेंडिक्स फुटलं, तर डॉक्टरपर्यंत पोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असायचा. पहिल्या महायुद्धात १९१७ साली क्लिफर्ड पील नावाच्या तरुण वैमानिकाने फ्लिनना पत्र लिहून सुचवलं की डॉक्टरला विमानाने का नेऊ नये? पील त्यानंतर वर्षभरात युद्धात मारला गेला. फ्लिननी मात्र ती कल्पना सोडली नाही. १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडच्या क्लॉनकरीहून डॉक्टरला घेऊन पहिलं विमान उडालं.

पण विमान बोलवायचं कसं? फोन नाही, वीज नाही. आल्फ्रेड ट्रेगर या ॲडलेडच्या इंजिनिअरने १९२९ मध्ये सायकलसारखे पॅडल मारून चालणारा रेडिओ बनवला. पायांनी वीज तयार करायची आणि हातांनी मोर्स, म्हणजे तारेच्या कड-कट्ट खुणा, वाजवायचा. मोर्स येत नाही अशा घरच्या बायकांसाठी त्याने नंतर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. अक्षर दाबलं की खुणा आपोआप जायच्या.

दुसरी युक्ती याहून साधी. दुर्गम ठिकाणी औषधांची एक पेटी ठेवलेली असते. प्रत्येक औषधाला नंबर. सोबत मानवी शरीराचं चित्र, त्याच्या भागांनाही नंबर. रात्री कुणाच्या पोटात कळ आली की फोनवर डॉक्टर विचारतो, दुखतंय ते चित्रात कुठल्या आकड्यावर? दाबल्यावर दुखतं की सोडल्यावर? मग सांगतो, पेटीतलं अमुक नंबरचं औषध, एवढ्या गोळ्या, एवढ्या तासांनी. औषधाचं अवघड नाव उच्चारायला नको, चुकायला नको. १९४० च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत आजही चालू आहे, आणि दुर्गम भागातल्या आरोग्यसेवेबद्दल बोलताना मला नेहमी हीच पेटी आठवते. त्यात कुठलंही मोठं तंत्र नाही. समोरचा माणूस घाबरलेला आहे आणि त्याला डॉक्टरी येत नाही, हे गृहीत धरून ती बनवलीय.

फ्लिनच्या स्मरणाला एक सलही आहे. १९५१ मध्ये ते वारले. ॲलिस स्प्रिंग्जजवळच्या त्यांच्या समाधीवर ठेवायला टेनंट क्रीकच्या दक्षिणेहून, कार्लू कार्लू इथून, एक प्रचंड गोल दगड नेला गेला. तो दगड तिथल्या आदिवासींच्या पवित्र जागेचा भाग होता आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी तो परत मागितला, वर्षानुवर्षं मागत राहिले. अखेर १९९९ मध्ये तो मूळ जागी परत आला, आणि ॲलिसच्या अरेंटे आदिवासी लोकांनी समाधीसाठी स्वतः होऊन आपला दुसरा दगड दिला. देणाऱ्यांचं मन केवढं, हे या शेवटच्या वाक्यात आहे.

मुलांच्या शाळेचं उत्तरही त्याच रेडिओतून निघालं. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला हवेतली शाळा सुरू झाली. बाई शहरात, मुलं शेकडो किलोमीटरवर आपापल्या स्टेशनवर किंवा रोडहाऊसच्या मागच्या खोलीत. आता रेडिओच्या जागी उपग्रहाचं इंटरनेट आणि पडद्यावर बाईंचा चेहरा असतो. गृहपाठ मात्र घरच्यांनीच करून घ्यायचा, तेही पंप सांभाळता सांभाळता.

काउंटरमागे कोण?

मालक-मालकीण सोडले तर बहुतेक हात तात्पुरते असतात: जगभरातून आलेली पंचविशीतली मुलंमुली. ऑस्ट्रेलियाचा फिरता फिरता काम करायचा एक व्हिसा असतो. दुर्गम भागात ठरावीक प्रकारचं काम तीन महिने केलं की त्यावर दुसरं वर्ष मागता येतं. त्यामुळे शहरात सहज काम मिळालं असतं अशी मुलंही तिठ्यावर येऊन अंडी तळतात, खोल्या झाडतात, पेट्रोल भरतात.

यात आता आपलीही मुलं असू शकतात. ऑक्टोबर २०२४ पासून भारतीयांसाठी हा व्हिसा खुला झालाय. वय १८ ते ३०, वर्षाला एक हजार जागा, निवड सोडतीने. महाराष्ट्रातून कुणी निघत असेल तर कळकळीने सांगावंसं वाटतं: काम ठरवण्याआधी तासाचा दर, राहण्या-जेवणाचे किती कापणार आणि पगाराची लेखी पावती मिळणार का, हे विचारून घ्या. परदेशी कामगारालाही तिथे किमान वेतनाचा पूर्ण हक्क आहे, आणि फेअर वर्क ओम्बुड्समन या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करता येते. दुसरं, तिथून रविवारी कुठे जाता येत नाही. गाडी नसेल तर तुम्ही ज्यांच्याबरोबर काम करता त्यांच्याबरोबरच जेवता, त्यांच्याच शेजारी झोपता. भांडण झालं तरी उद्या सकाळी तेच चेहरे. काहींना ही शांतता आयुष्यभर पुरेल असं काही देऊन जाते, काहींना तिसऱ्या आठवड्यात असह्य होते. घरी फोन करायला मात्र सोपं. नॉर्दर्न टेरिटरीचं घड्याळ आपल्या बरोबर चार तास पुढे आहे. त्यांचं रात्रीचं जेवण आटपतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचा चहा होत असतो.

मे ते सप्टेंबर थंडीचा हंगाम. तेव्हा गिऱ्हाईक बदलतं. निवृत्त जोडपी कॅराव्हॅन ओढत महिनोन्महिने देश फिरतात, त्यांना तिकडे ग्रे नोमॅड म्हणतात. रोडहाऊसची वर्षाची कमाई बऱ्याच अंशी याच महिन्यांत होते.

पुढचं माप बॅटरीचं

आता पुन्हा अंतराचं माप बदलायला लागलंय. पेट्रोलची गाडी एका टाकीत जिथून जिथे जाते, तिथवर बॅटरीची गाडी, त्यातही कॅराव्हॅन ओढणारी, पोचेलच असं नाही. आणि चार्जर बसवायचा तर वीज कुठून आणायची? शहरातला जलद चार्जर जेवढी वीज एका दमात ओढतो, तेवढ्यात एखाद्या छोट्या रोडहाऊसचा जनरेटर मान टाकेल. पंप असला म्हणजे चार्जर बसवता येतोच असं नाही. मालकाला सौर पॅनल, बॅटऱ्या आणि मोठा जनरेटर यांचा खर्च आधी करावा लागतो, गाड्या मात्र अजून थोड्याच येतात.

देशाच्या दक्षिण कडेला, नलारबोरच्या मैदानातून जाणाऱ्या एअर हायवेवर कैगुना नावाचं असंच एकाकी रोडहाऊस आहे. तिथे २०२२ मध्ये यावर एक तोडगा निघाला. रोडहाऊसच्या स्वयंपाकघरात बटाट्याच्या चिप्स तळून उरलेलं तेल गाळून जनरेटरमध्ये घालायचं आणि त्या विजेवर गाड्या चार्ज करायच्या. पेट्रोल भरून दहा मिनिटांत निघून जाणारा प्रवासी तिथे गाडी लावून बराच वेळ बसतो. बसल्या बसल्या त्याला भूक लागते, आणि तो काउंटरवर जाऊन चिप्स मागतो.